मदत हवी आहे : उंदीर भाज्या फस्त करतायत, पण विष घालायचं नाही

वाफेवाली :
मंडळी, हात टेकलेत म्हणून विचारतेय. घरामागे चार वाफे आहेत. टोमॅटो, बीट, घेवडा आणि मांडवावर काकडी. कडेने भोपळ्याचा वेल सोडलाय. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग एका सकाळी लांबून लालबुंद दिसणारा टोमॅटो तोडायला गेले, तर बोटं थेट आत. पुढून टोमॅटो, मागून नुसती वाटी. गर, बिया सगळं साफ.

दुसऱ्या दिवशी बिटाची पाळी. मातीच्या वर डोकावणारा भाग कोरलेला होता. उपटून उजेडात धरलं तर जोडीजोडीने बारीक चर, सुताराने अरुंद पटाशी फिरवावी तसे. तेव्हा कळलं की हे काम गोगलगायीचंही नाही आणि पक्ष्याचंही नाही. (गोगलगाय चिकट माग सोडते, पक्षी टोचून भोक पाडतो. एवढं ज्ञान मला आता झालंय.) घेवड्याचं बी तर उगवूच दिलं नाही. पेरलेल्या ओळीत सकाळी एकेक छोटा खड्डा, बरोबर बी होतं तिथेच.

आतापर्यंत केलेले उपाय: लसूण-मिरचीचा फवारा, जो पहिल्याच पावसात धुऊन गेला. पुदिन्याच्या तेलात बुडवलेले कापसाचे बोळे, जे चौथ्या दिवशी गायबच झाले. कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारं अल्ट्रासोनिक यंत्र. पहिले दोन दिवस शांतता होती, तिसऱ्या दिवशी यंत्राच्या शेजारीच अर्धा टोमॅटो पडलेला. शेवटी वाफ्यांभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी दोन फूट उंच उभी केली. काही फरक नाही.

विष नको, यावर मी ठाम आहे. रक्त गोठू न देणारी औषधं खाल्ली की उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरत राहतो, आणि तेवढ्यात त्याला मांजराने किंवा घुबडाने उचललं की विष त्यांच्या पोटात. शेजारची मांजरी रोज आमच्याकडे येते आणि रात्री घुबडाचा आवाजही येतो. शिवाय जे खायचं त्याच मातीत विष कशाला? चिकट पट्ट्याही नकोत. त्यात पाली आणि चिमण्याही अडकून तडफडतात.

तर नेमकं काय करू? बिळं शोधून बुजवू म्हटलं तर सगळी बाग पालथी घातली, एक बीळ सापडेल तर शपथ.

जुनी_कुदळ :
मांजर पाळा. विषय संपला.

मातीमाखला :
कुदळराव, विषय कुठला संपतोय! मांजर छोटे उंदीर मारते, पण पूर्ण वाढलेल्या मोठ्या उंदराच्या वाटेला बरीचशी मांजरं जात नाहीत. आणि भुसभुशीत वाफा दिसला की तिथेच उकरून घाण करतात, ती वेगळीच.

वाफेवाली ताई, आधी चोर कोण ते ठरवा. उपाय त्यावर आहे. लेंड्या बघितल्यात का? छोट्या उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान. काळ्या उंदराची साधारण १२ मिलिमीटर, दोन्ही टोकं निमुळती. तपकिरी उंदराची त्याहून मोठी, १८-२० मिलिमीटरपर्यंत, टोकं बोथट. घूस असेल तर बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसतोच, तो नजरेतून सुटत नाही.

लेंड्या सापडत नसतील तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेला एक फळी ठेवा आणि तिच्यावर पीठ किंवा खडूची पूड पातळ पसरा. सकाळी पावलं उमटलेली असतील. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. मोठा असेल तर मधून शेपटी ओढल्याची रेघही दिसते.

आणि एक. रात्री चिंचं करत भिंतीकडेने पळणारी लांब नाकाची चिचुंद्री दिसली तर तिला सोडून द्या. ती उंदराच्या जातीची नाही, किडे खाते. वास घाण, पण बागेच्या कामाची.

वाफेवाली :
पिठाचा प्रयोग केला! फळी भिंतीला टेकून ठेवली होती. चार बोटं, पाच बोटं आणि मधून लांबलचक रेघ, अगदी स्वच्छ. लेंड्याही मिळाल्या, काकडीच्या मांडवाच्या आडव्या काठीवर. पट्टीने मोजल्या (घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगत नाही). ११-१२ मिलिमीटर, दोन्हीकडे टोकदार. पण बीळ अजूनही नाहीच.

मातीमाखला :
मग काळा उंदीर आहे आणि बीळ सापडणारच नाही. तुम्ही खाली बघताय, तो वरून येतोय. हा पक्का चढणारा. तारेवरून चालतो, वेलावरून उतरतो आणि घर उंचावर करतो. दाट वेल, पत्र्याखालची सांदट, रचून ठेवलेली लाकडं, न हलवलेल्या सामानाचा ढीग असं कुठेतरी. तुमची दोन फुटी जाळी म्हणजे त्याला शिडी झाली. भिंतीवर, पाइपावर तेलकट काळपट पट्टा दिसतोय का बघा. रोज एकाच वाटेने अंग घासत गेल्याने तो पडतो.

वाफेवाली :
मिळालं!! अवजारांच्या खोपटावर वर्षानुवर्षं वाढलेला वेल आहे, त्याखालच्या वाशावर तो काळपट पट्टा. आणि आत फळीवर रिकाम्या कुंड्यांची उतरंड आणि गोणपाटं होती, ती काल हातमोजे घालून खाली काढली. मधल्या कुंडीत घरटं. कुरतडलेलं गोणपाट, कागदाचे कपटे, आणि त्यात ऐटीत अंथरलेले माझे पुदिन्याच्या तेलाचे बोळे. पळवून लावायला ठेवले होते ते! पिल्लं नव्हती, नुकतंच सोडलेलं असावं.

आता तो वेल सगळा काढू का? जीव होत नाहीये.

हातमोजे_घाला :
वेलाचं नंतर बघा, आधी साफसफाईबद्दल. ते घरटं झाडूने कोरडं झाडू नका. वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासातून आत जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण करून भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हातापायावर जखम असेल तर ओल्या मातीतूनही. त्यामुळे वाफ्यात अनवाणी आणि उघड्या हातांनी काम बंद. कुरतडलेली फळभाजी "तेवढा भाग कापून" वापरायची नाही. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली धुवायची. माझ्या ओळखीत एकाला लेप्टो झालाय, म्हणून कळकळीने सांगतोय.

जाळीदार :
वेल मुळासकट काढायची गरज नाही. छपरापासून आणि मांडवापासून तोडा, चांगलं मीटरभर तरी अंतर ठेवा, कारण हा प्राणी उडी बऱ्यापैकी मारतो. जमिनीलगतचा दोनेक फुटांचा भागही पानं काढून मोकळा करा. उघड्या जागेतून जायला उंदराला आवडत नाही. त्याच कारणाने वाफ्यांभोवती गवत, फळ्या, कुंड्या काही ठेवू नका.

आता जाळीबद्दल, कारण इथेच सगळे फसतात. खुराड्याची षटकोनी जाळी उंदरासाठी नाहीच. भोकं मोठी, तार बारीक. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याचं पिल्लू १२ मिलिमीटरमधून जातं. ज्या भोकातून कवटी गेली त्यातून बाकीचं अंग जातंच. म्हणून ६ मिलिमीटर चौकोनाची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी घ्या. प्लास्टिकची किंवा नायलॉनची नको. उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्याला कुरतडणं भागच असतं, त्यामुळे प्लास्टिक म्हणजे एका रात्रीचं काम.

आणि वरून झाकण हवंच. मी लाकडी पट्ट्यांची चौकट करतो, तिच्यावर जाळी ताणून ठोकतो आणि एका बाजूला बिजागऱ्या लावतो. कापलेल्या तारांची टोकं आतल्या बाजूला दुमडा, नाहीतर दर वेळी हात ओरबाडून घ्याल. खालून उकरणाऱ्यांसाठी कडेची जाळी एक फूट जमिनीत न्यायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवायची. तुमच्याकडे सध्या चढणारा आहे, पण खड्डा खणतच आहात तर तेही करून टाका. दोनदा खणायला कुणाला सांगितलंय.

वाफेवाली :
झाकण लावलं तर काकडीला मधमाशा कशा येणार?

जाळीदार :
उंदीर रात्रीचा, मधमाशी दिवसाची. सकाळी झाकण उघडा, अंधार पडायच्या आत बंद करा. टोमॅटो आणि घेवड्याला तोही त्रास नाही, त्यांचं परागीभवन आपल्या आपण होतं. टोमॅटोचं झाड अधूनमधून हलवलं तरी पुरे.

टोमॅटोप्रेमी :
उंच टोमॅटोला पिंजरा करत बसू नका. फळाच्या टोकाला गुलाबी झाक आली की तोडा. त्यानंतर ते घरात ठेवूनही पिकतं आणि चवीत फारसा फरक पडत नाही. फ्रिजमध्ये मात्र ठेवायचं नाही. मी झाडावर लाल होण्याची वाट बघणं कधीच सोडलं. आणि घेवड्याचं बी थेट वाफ्यात न पेरता ट्रेमध्ये घरात रुजवा, चार पानं आली की लावा. बी खाण्यात त्यांना जी गोडी आहे ती रोपात नाही.

रातकिडा :
कंपोस्ट कुठे आहे, कसं आहे? त्याबद्दल एक शब्द नाही तुमच्या धाग्यात.

वाफेवाली :
खोपटाच्या मागे, उघडा ढीग. :( शिजवलेलं उरलंसुरलंही त्यात जात होतं.

रातकिडा :
मग तुम्ही रोज रात्री ताट वाढत होतात. शिजवलेलं बंद करा, झाकणाचं पिंप घ्या, तळाशी तीच ६ मिलिमीटरची जाळी. ढीग ओलसर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी खालीवर करा, हलत्या जागेत उंदीर संसार मांडत नाही. मांजरीसाठी बाहेर रात्री वाटी ठेवत असाल तर तीही आत. आणि नळ गळत असेल तर तो दुरुस्त करा. पाण्यासाठी ते ठिबकच्या नळ्यासुद्धा फोडतात.

वाफेवाली :
वाटी ठेवते. कबूल. आजपासून आत.

आता अवघड प्रश्न. जे आधीच इथे आहेत त्यांचं काय? पिंजऱ्यात पकडून लांब सोडून आले तर?

मातीमाखला :
मीही काही वर्षं तेच करायचो आणि स्वतःला दयाळू समजायचो. अनोळखी जागी सोडलेल्या उंदराला ना बीळ माहीत, ना अन्न. बरेचसे मरतात, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी वाफ्यात जातात. पकडून मारायचंच असेल तर चांगल्या जोराचा खटक्याचा सापळा त्यातल्या त्यात कमी क्रूर. तो भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून, दोन्ही बाजूंनी उघड्या खोक्यात ठेवायचा, म्हणजे पक्षी किंवा मांजरीचा पाय आत जाणार नाही. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस सापळा न ताणता नुसतं आमिष ठेवा. खायला लागला की मग ताणा. लोक पहिल्याच रात्री ताणतात आणि "सापळा निकामी" म्हणून फेकून देतात.

पण नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. मादी गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते. आसरा आणि अन्न तसंच राहिलं तर तुम्ही मोजत बसाल आणि ते वाढत बसतील.

वाफेवाली :
सहा आठवड्यांनी परत आलेय, आधी आभार मानते.

वेल छपरापासून तोडला. कुंड्यांची उतरंड मोडून सगळ्या उघड्यावर उलट्या ठेवल्या. कंपोस्ट पिंपात गेलं. बीट, घेवडा आणि काकडीच्या वाफ्यांना जाळीदार यांच्या पद्धतीने झाकणं केली. पहिलं झाकण वाकडं झालं, एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली आणि दोन दिवसांत तिथूनच एक बीट गेलं. फट पट्टी ठोकून बंद केली, त्यानंतर एकही नाही. टोमॅटो गुलाबी असतानाच तोडतेय. सापळा आणला होता, पण न ताणता ठेवलेलं आमिष दहा दिवस कुणी शिवलं नाही, म्हणून उचलून ठेवला. खोपटात पीठ पसरून ठेवते, गेले सोळा दिवस कोरं आहे.

भोपळ्याला पिंजरा करणं शक्य नव्हतं. फळाच्या चारही बाजूंनी जाळी गुंडाळून वर तारेने बांधलीय, देठाला घासू नये म्हणून तिथे कापड. फळ वाढतंय तशी दर चार दिवसांनी सैल करावी लागते.

एकच नवीन गोष्ट. सकाळी काकडीचं झाकण उघडलं की अर्ध्या तासात खार येते आणि कोवळ्या काकड्या चाखून टाकते. पूर्ण खातही नाही, नुसती चाखते.

जाळीदार :
काकडीची फुलं सकाळीच जास्त चालतात. नऊ ते अकरा झाकण उघडा, तेवढा वेळ तिथेच निंदणी करत बसा, मग बंद. माणूस बसलेला असला की खार लांबूनच ओरडत राहते.