मदत हवी: पऱ्यावरच्या चाकाला तीन मोटरी, मीटर १४ व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र पेटत नाही

आगरातला
नमस्कार मंडळी. आमचं घर दापोलीजवळ, आगराच्या मागून पऱ्या वाहतो. पावसाळ्यात लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही, म्हणून गोठ्यात एक दिवा लागेल एवढी वीज काढायची खटपट चालू आहे.

सायकलच्या रिमला पीव्हीसी पाइप कापून केलेल्या वाट्या लावल्या. पाणी वरून दोन इंची पाइपने आणलंय, उतार साधारण १० फूट. १५ लिटरची बादली १५ सेकंदांत भरते. भंगारातल्या जुन्या प्रिंटरमधून २४ व्होल्टच्या एकसारख्या तीन डीसी मोटरी काढल्या. रिमवरून पट्टा घेऊन तिन्ही फिरवतो. मोटरीची पुली अडीच सेंटिमीटरची, रिम ६०ची. चाक मिनिटाला ६० फेरे घेतं. मोटरी सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडल्यात.

नुसता मीटर लावला की १४ व्होल्ट. गाडीचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब लावला की सव्वा व्होल्ट! तार लालसुद्धा होत नाही. बल्ब बॅटरीवर लख्ख पेटतो.

दुसरी गंमत. परवा रात्री १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडून ठेवली. सकाळी पाइपात पाला अडकून पाणी बंद, तरी चाक आपलं हळूहळू फिरतंय. आई म्हणते, संध्याकाळनंतर तिकडे जाऊ नकोस.

निवृत्त_वायरमन
आईंना सांगा, भूत बॅटरीत आहे. डीसी मोटर फिरवली की जनरेटर, वीज दिली की परत मोटर. पाणी थांबल्यावर बॅटरीनेच चाक फिरवलं. मध्ये एक डायोड टाका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो; साधा ४००७ चालेल, त्यावरच्या पट्टीची बाजू बॅटरीच्या प्लसकडे. ०.७ व्होल्ट त्यात जातील, पण बॅटरी उपाशी मरणार नाही.

बल्बचं: नुसत्या मीटरवरच्या १४ व्होल्टवर विश्वास ठेवू नका, मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब जोडलेला असताना प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांवर वेगवेगळं मोजा. चाक मंदावतं का तेही सांगा.

फुकटची_ऊर्जा
चौथी मोटर बसवा आणि या तिघींच्या विजेवर तीच चाक फिरवू द्या. पाण्याची गरजच नाही. व्हिडिओ पाहिलाय.

निवृत्त_वायरमन
व्हिडिओत टेबलाखाली काय होतं तेही पाहायला हवं होतं. पुढे चला.

आगरातला
मोजलं. चाक किंचितच मंदावतं, पट्टा घसरत नाही.
बल्बाशिवाय: ४.९, ४.८, ४.३.
बल्ब लावून: २.६, २.३ आणि तिसरी उणे ३.७!
तिसरी उलटी जोडली गेली का?

कोल्हापुरी_वाइंडर
उलटी असती तर बल्बाशिवाय तिघींची बेरीज साडेपाचच्या आसपास आली असती, १४ नाही. जोडणी बरोबर आहे, मोटर आजारी आहे. करंट वाहायला लागला की तिच्या आतला रेझिस्टन्स तिचे स्वतःचे व्होल्ट खातोच, वर बाकीच्या दोघींचेही खातो. एक बैल बसला की गाडी दोन बैलांनी ओढायची, वर बसलेल्याला फरफटवायचं, तसं.

तारा सोडवून, चाक थांबवून तिघींचा ओहम मोजा. शाफ्ट हाताने जराजरा फिरवून पाच-सहा जागी बघा, आणि प्रत्येक वेळी शाफ्ट स्थिर झाल्यावरच आकडा घ्या.

आगरातला
११, १२ आणि तिसरी ३८. तिचा आकडा शाफ्ट हलवला की उड्या मारतो.

कोल्हापुरी_वाइंडर
कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या ज्या पट्ट्यांना ब्रश घासतात त्यांवर, कार्बनची काजळी बसलीय. मोटर उघडू नका, ब्रश निसटले की परत बसवताना देव आठवतात. भोकातून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, पाच मिनिटं बॅटरीवर मोकळी फिरवा.

पण एवढ्याने भागणार नाही. तिसरी साफ होऊन तिघींची बेरीज ३६ ओहमवर आली असं धरलं तरी १४ व्होल्टमधून जास्तीत जास्त १.४ वॅट निघतील, तुमच्या बल्बाला ५ लागतात. वेग दुप्पट केलात तर व्होल्ट दुप्पट आणि निघणारी ताकद चौपट. मी पुली निम्मी करा म्हणणार होतो, पण सव्वा सेंटिमीटरवर पट्टा नक्की घसरेल.

पाणीवाले_काका
पुलीला हात लावू नका. खरी चूक पाण्यात आहे, आणि सगळे मीटरकडे बघताय! सेकंदाला एक लिटर पाणी दोन इंची तोंडातून मोकळं सोडलं तर पाइप भरतच नाही. पाणी उतारावरून नुसतं घरंगळतं आणि दहा फुटांचा दाब वाया जातो. तोंडाला रिड्यूसर लावून साधारण १३ मिलिमीटरचं नोझल करा. पाइप वरपर्यंत भरला की धार सेकंदाला सात मीटरच्या आसपास सुटेल. वाट्या धारेच्या निम्म्या वेगाने पळाल्या तर जास्तीत जास्त ताकद मिळते, म्हणजे तुमच्या रिमला मिनिटाला शंभरावर फेरे.

एक लिटर आणि तीन मीटर म्हणजे पाण्यात २९ वॅट आहेत. घरगुती चाकाने त्यातले दहा जरी पकडले तरी गोठा उजळेल. पाइपाच्या वरच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर रोज पाला काढत बसाल.

आगरातला
अपडेट. क्लीनरने तिसरी १३वर आली. नोझल बाजारात मिळालं नाही, एंड कॅपला ड्रिलने भोक पाडलं. चाक आता १२०च्या आसपास, बल्बाशिवाय २७ व्होल्ट, बल्ब लावून १०! किंचित पिवळट, पण शेण काढायला पुरेसा उजेड. काका, साष्टांग.

वाट्या मात्र एवढ्या धारेत हलायला लागल्यात, स्क्रूच्या जागी नटबोल्ट टाकतोय. आता बॅटरीचं विचारतो: २७ व्होल्ट थेट दिले तर?

निवृत्त_वायरमन
बॅटरी जोडलेली असताना व्होल्ट तिच्या पातळीलाच खाली येतील, करंट अर्धा अँपिअरच्या आत राहील. पण भरल्यावरही चार्ज होतच राहिली तर पाणी उकळेल, तेव्हा मध्ये चार्ज कंट्रोलर हवा. सोलरचा घ्याल तर पाणी वाहताना त्याने मोटरी सोडल्या की चाक मोकळं पळतं, म्हणून २७च्या बऱ्याच वर व्होल्ट सोसणारा घ्या. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच, दोन अँपिअरचा. आणि तो डायोड टाकलात का?

आगरातला
टाकला. आईने विचारलं, चाक रात्रीचं फिरायचं का थांबलं.