ऑफिसची टूल पॅलेट: सगळ्यांची एकच, की ज्याची त्याची?

टीस्क्वेअर
आमचं आर्किटेक्टचं ऑफिस, पुण्यात. अकरा जण ऑटोकॅडवर, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, बसतात. गेल्या महिन्यात एका इमारतीची वर्किंग ड्रॉइंग्ज (बांधकामासाठीची) साइटवर गेली आणि दोन दिवसांत कॉन्ट्रॅक्टरचा फोन: "साहेब, टॉयलेटचं दार तळमजल्याला ७५० मिलिमीटरचं दाखवलंय, पहिल्या मजल्याला ७०० चं. चौकटी कुठल्या मागवू?" शोध घेतला. तळमजला एकाने काढलेला, पहिला मजला दुसऱ्याने. दोघांच्याही टूल पॅलेटवर (हाताशी ठेवायची पट्टी, जिच्यावरून तयार चित्रं ड्रॉइंगमध्ये ओढतात) 'डी३' नावाचा ब्लॉक, म्हणजे दाराचं तयार चित्र, होता, फक्त माप वेगळं.

माझं मत असं की पॅलेट ऑफिसची असावी, माणसाची नव्हे. पॅलेटचं फोल्डर सर्व्हरवर ठेवायचं, ते रीड-ओन्ली करायचं आणि प्रत्येकाच्या मशीनवर ऑप्शन्समधल्या 'टूल पॅलेट फाइल लोकेशन्स'मध्ये तिथला पत्ता द्यायचा. पॅलेटच्या कोपऱ्यात कुलपाचं चिन्ह येतं आणि कोणालाच काही हलवता येत नाही. बदल करायचा हक्क एकाकडे. हे ऑफिसात बोलून दाखवलं तर निम्म्या लोकांचे चेहरे असे झाले, जणू मी त्यांच्या डब्यातली भाजी काढून घेतोय. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

रोटरिंग_०.३
सपशेल असहमत. ट्रेसिंगवर ब्लेडने खरडून चुका पुसणाऱ्या पिढीतला मी. ऑटोकॅड २००४ मध्ये ही पॅलेट पहिल्यांदा आली, तेव्हापासून माझी मी मांडत आलोय. घरात मिसळणाचा डबा असतो ना, मोहरी कुठल्या वाटीत ते बघावं लागत नाही, हात जातो. तसं आहे ते. उद्या कोणीतरी डबा ओट्यावरून उचलून भिंतीला खिळ्याने ठोकला आणि म्हणालं की आता सगळ्यांनी इथूनच घ्यायचं, तर फोडणी जळणारच.

आणि 'डी३' दोन निघाले यात पॅलेटचा काय दोष? दारांचं शेड्यूल (मापांची यादी) आणि प्लॅन समोरासमोर ठेवून कोणी तपासले नाहीत. ते काम साहेबांचं. आता खापर पॅलेटवर.

उलटी_तिरकी_रेघ
मी एका एमईपी (इमारतीतली एसी, वीज, प्लंबिंगची कामं) ऑफिसात कॅड सांभाळते. दोघांचंही अर्धं अर्धं पटतं, पण त्याआधी पॅलेट म्हणजे नक्की काय ते बघू, कारण भांडणं बहुतेक तिथेच होतात.

पॅलेटवर ब्लॉकचं जे चित्र दिसतं तो ब्लॉक नसतो, ब्लॉकचा पत्ता असतो. खरा ब्लॉक कुठल्यातरी डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाइलमध्ये. ती फाइल हलवली की चित्र तसंच राहतं आणि ओढायला गेलं की फाइल सापडत नाही असा निरोप येतो. म्हणून पॅलेट एक्स्पोर्ट करून एक्सटीपी फाइल मेलवर पाठवली की झालं शेअरिंग, असं समजणारे दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभे असतात. सर्व्हर तुमच्याकडे झेड ड्राइव्ह आणि शेजारच्याकडे वाय ड्राइव्ह असेल तरी तेच. पत्ता देताना ड्राइव्हचं अक्षर नको, दोन उलट्या तिरक्या रेघांपासून सुरू होणारं सर्व्हरचं पूर्ण नाव द्या. (माझ्या आयडीचं कोडं सुटलं असेल.)

आता कुलूप का हवं ते. आम्ही पहिल्यांदा फोल्डर उघडंच ठेवलं होतं, सगळे समजूतदार आहेत म्हणून. सकाळी मी स्प्रिंकलरचे चार नवे ब्लॉक चढवले, संध्याकाळी गायब. कोणी काढले नव्हते. एका सहकाऱ्याचं ऑटोकॅड आदल्या रात्रीपासून चालू होतं, त्याच्यासमोर जुनी पॅलेट होती, त्याने तिच्यात काहीतरी सरकवलं आणि बंद करताना त्याची जुनी प्रत माझ्या नव्यावर बसली. तीन आठवडे आम्ही एकमेकांवर संशय घेत होतो.

पण टीस्क्वेअर, तुमच्या दाराचं दुखणं कुलपानेही गेलं नसतं. ड्रॉइंगमध्ये 'डी३' नावाचा ब्लॉक आधीपासून असेल, तर पॅलेटवरून कितीही नवा 'डी३' ओढा, ड्रॉइंगमधलाच जुना बसतो. पॅलेटवरच्या टूलवर राइट क्लिक करून रीडिफाइन म्हणेपर्यंत तो हटत नाही. तुमच्या त्या दुसऱ्या ड्राफ्ट्समनने पहिला मजला जुन्या प्रोजेक्टची फाइल 'सेव्ह ॲज' करून काढला होता का, तेवढं विचारा.

टीस्क्वेअर
विचारलं. हो म्हणाला. :(

रोटरिंग_०.३
बघा! आणि निघाले होते कुलूप लावायला.

सांगलीचा_ड्राफ्ट्समन
तांत्रिक बाजू ठीक आहे, पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. ब्लॉक कोणाचे?

आयटीआय करून चौदा वर्षं झाली. जिने, खिडक्यांचे सेक्शन, कमोडचे तिन्ही बाजूंचे व्ह्यू, ओढलं की लांबी बदलणारे डायनॅमिक दरवाजे, सगळं स्वतः बांधलंय, बरंचसं घरी रात्री बसून. मागच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "तुझी पॅलेट छान आहे, सर्व्हरवर टाक, पोरांना उपयोग होईल." टाकली. सहा महिन्यांनी पगारवाढीचं विचारलं तर उत्तर मिळालं, "आता ते काम नवीन पोरगाही करतो." करणारच की, माझ्याच ब्लॉकवर! तेव्हापासून माझी पॅलेट माझ्या पेन ड्राइव्हमध्ये. स्वार्थी म्हणा हवं तर.

टीस्क्वेअर
दादा, वाईट वाटलं वाचून. पण दुसरी बाजूही सांगतो. ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या लायसन्सवर केलेलं काम ऑफिसचंच. माणूस सोडून गेला आणि पॅलेट घेऊन गेला, तर मागच्यांनी तोच जिना पुन्हा काढायचा का?

सांगलीचा_ड्राफ्ट्समन
ऑफिसच्या वेळातलं ऑफिसचं, मान्य. रात्रीचं कोणाचं, तेवढं सांगा.

सबमिशनवाली
माझं मत कुलपाच्या बाजूने, आणि कारण एकच: मंजुरीचे नकाशे.

महापालिकेच्या ऑनलाइन मंजुरीत नकाशा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला लेअरची (ड्रॉइंगमधल्या थरांची) ठरलेली नावं लागतात. पॅलेटच्या प्रत्येक टूलला लेअर बांधून देता येतो. ड्रॉइंगमध्ये तो लेअर नसला तरी ब्लॉक टाकताना आपोआप तयार होतो. हे एकाने एकदा नीट बसवलं की पार्किंग पार्किंगच्याच लेअरवर जातं. ज्याची त्याची पॅलेट ठेवली की अर्धं सामान शून्य लेअरवर, आणि मग फाइल परत.

मापाचं तर विचारूच नका. आमच्याकडे वर्किंग मिलिमीटरमध्ये आणि सबमिशन मीटरमध्ये निघतं. एका मुलाने स्वतःच्या पॅलेटवरून २५०० बाय ५००० ची मोटार मीटरच्या ड्रॉइंगमध्ये टाकली. ब्लॉकला युनिटच दिलेलं नव्हतं, त्यामुळे ऑटोकॅडने मुकाट्याने ५००० मीटर धरले. पाच किलोमीटर लांबीची मोटार! डिकी स्वारगेटला लावली तर बॉनेट शनिवारवाड्याच्याही पलीकडे जाईल. त्याला मात्र स्क्रीनवर काहीच दिसेना, म्हणून त्याने आणखी दोनदा टाकली. पार्किंगचा प्रश्न कायमचा सुटला.

रोटरिंग_०.३
मोटारीवर हसलो, आणि सबमिशनपुरतं मान्य करतो. तिथे 'माझा हात' वगैरे चालत नाही.

पण वर्किंगला नाही. "बदल एकाकडे" हे वाचायला छान वाटतं. आमच्या ऑफिसात तसंच होतं. व्हीलचेअरच्या रॅम्पचा ब्लॉक हवा म्हणून मेल केला. ज्याच्याकडे हक्क तो लग्नाला गावी गेलेला. नऊ दिवसांनी ब्लॉक आला, तोपर्यंत ड्रॉइंग साइटवर पोचून रॅम्पचं शटरिंगही लागलं होतं. मग प्रत्येकाने डेस्कटॉपवर 'टेम्प' नावाचं फोल्डर उघडलं. सर्व्हरवर कुलूपबंद देवघर आणि खरा संसार 'टेम्प'मध्ये.

चिपळूण_साइट
एक अडचण आमचीही. साइट ऑफिसातून व्हीपीएनने जोडतो. पॅलेट सर्व्हरवर असेल तर ऑटोकॅड उघडेपर्यंत चहा होतो, आणि पावसाळ्यात लाइन गेली की पॅलेट रिकामी. शेवटी एका मित्राने रोबोकॉपीची (विंडोजमधली फाइली कॉपी करायची कमांड) दोन ओळींची बॅच फाइल करून दिली. सकाळी मशीन चालू झालं की सर्व्हरवरची पॅलेट आणि मूळ डीडब्ल्यूजी दोन्ही सी ड्राइव्हवर उतरतात. काम तिथूनच. फक्त सगळ्यांच्या मशीनवर सी ड्राइव्हमधला रस्ता अक्षर न अक्षर सारखा हवा.

नवा_भिडू
ऑटोकॅड २०२० पासून ब्लॉक्स पॅलेट आली आहे की. तीच का वापरत नाही?

उलटी_तिरकी_रेघ
वापरतो, पण तिच्यात ब्लॉकच राहतात. हॅच (रेघांची भरण), कमांड, लेअर बांधलेली टूल्स यांना अजून जुनीच लागते.

रोटरिंगकाका, तुमच्या डब्यावर तोडगा आहे. त्या 'फाइल लोकेशन्स'मध्ये एकाहून जास्त फोल्डर देता येतात. पहिलं सर्व्हरचं, कुलूपबंद. दुसरं तुमच्या मशीनवरचं, उघडं. पॅलेटचे गट ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये राहतात, त्यामुळे मोहरी कुठे ठेवायची ते तुम्हीच ठरवा. अट एकच, ऑफिसच्या ब्लॉकचं नाव तुमच्या फोल्डरात पुन्हा वापरायचं नाही. आमच्याकडे स्वतःच्या ब्लॉकमागे आद्याक्षरं लावतात. आणि दर शुक्रवारी मी सगळ्यांना विचारते, तुझ्यातलं काय वर चढवू? चढलं की ब्लॉकच्या वर्णनात करणाऱ्याचं नाव टाकते.

सांगलीचा_ड्राफ्ट्समन
नाव टाकता? खरंच?

उलटी_तिरकी_रेघ
टाकते. त्याने पगार वाढत नाही हेही खरं.

टीस्क्वेअर
दोन फोल्डरची पद्धत सोमवारपासून करून बघतो. शुक्रवारी विचारायला कोणाला बसवायचं ते मात्र सुचत नाहीये. ज्याला सांगेन तो म्हणणार, माझं ड्रॉइंग कोण काढणार?

रोटरिंग_०.३
तुम्हीच बसा की. बरं, ते जाऊ दे, दार शेवटी कुठलं बसलं?

टीस्क्वेअर
७५० चं. पण फोन करायच्या आधीच कॉन्ट्रॅक्टरने ७०० च्या चार चौकटी आणून ठेवल्या होत्या. त्या आता डक्टच्या दारांना लावतोय. ड्रॉइंगमध्ये 'डी३ए'.