शब्दचर्चा : स्लॉथ म्हणजे आळस, कंटाळा की नुसता संथपणा?

पानगळ :
लहान मुलांच्या एका प्राणीपुस्तकाचं मराठी करतेय. त्यात दोन पानं 'स्लॉथ'वर आहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात फांदीला उलटा लटकून राहणारा, पाला खाणारा प्राणी. इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ आळस, आणि तोही साधासुधा नाही, ख्रिस्ती परंपरेतल्या सात मोठ्या पापांपैकी एक. मूळ लेखकाने या दोन अर्थांवर कोटी करून ठेवलीय, त्यामुळे माझी पंचाईत. संपादक म्हणतात, सरळ 'आळशी' लिहा आणि पुढे चला. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट मांडताही येत नाहीये.

प्राण्याला काय म्हणावं? आणि पापाला 'आळस' चालेल का? 'मंदगती वृक्षचर' छापाचे शब्द कृपया नकोत, वाचणारं पोर सात-आठ वर्षांचं आहे.

टवाळपंत :
'घरजावई' म्हणा. लटकून राहतो, खातो, आठवड्यातून एकदा खाली उतरतो. (ह. घ्या.)

अनुस्वार :
इंग्रजीत आळस हा अर्थ आधीचा, प्राणी मागाहून आला. 'स्लो'ला भाववाचक 'थ' लागून हा शब्द झाला, आपल्या 'मंद'वरून 'मांद्य' व्हावं तसा. प्राण्याला तो चिकटला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तोही उसना. ब्राझीलमधले पोर्तुगीज या प्राण्याला 'प्रेगिसा' म्हणत, म्हणजे चक्क 'आळस'. इंग्रजांनी त्याचं शब्दशः भाषांतर केलं. म्हणजे तुमच्या संपादकांनी आज जे सुचवलंय ते इंग्रजांनी चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवलंय!

एकटे इंग्रजच नाहीत. स्पॅनिशमध्ये 'पेरेसोसो' (आळशी), जर्मनमध्ये 'फाउलटियर' (आळशी जनावर), रशियनमध्ये 'लेनिवेत्स', जपानीत 'नामाकेमोनो', सगळ्यांचा अर्थ तोच. एका भाषेने शिक्का मारला आणि बाकीच्यांनी तो गिरवला. स्पॅनिश लोकांची पहिली तऱ्हा मात्र वेगळी होती. ओव्हिएदो नावाच्या इतिहासकाराने १५२६ साली या प्राण्याचं वर्णन लिहिलं, त्यात नाव दिलंय 'पेरिको लिहेरो', म्हणजे 'चपळ पेद्रू'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. टोमणाच, पण निदान हसत मारलेला.

लिनियसने १७५८ मध्ये तीनबोटी स्लॉथच्या प्रजातीला 'ब्रॅडिपस' म्हटलं. ग्रीकमध्ये 'मंद पायांचा'. हे त्यातल्या त्यात प्रामाणिक नाव. चाल मंद आहे एवढंच सांगितलं, स्वभावावर घसरले नाहीत.

आणि जिथे हा प्राणी राहतो तिथल्या तुपी लोकांचा शब्द आहे 'आई'. त्याच्या आवाजावरून पडलेला. फ्रेंचांनी तो उचललाही.

गवतीचहा :
'आई'!! पुस्तकात तेच ठेवा. 'आई झाडावर लटकली होती, तिच्या पोटाला पिल्लू बिलगलं होतं.' पोरं रडायला लागतील.

वसईकर :
पापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच खरी गोम आहे.

सात पापांच्या यादीत इंग्रजी 'स्लॉथ' ज्या जागी बसलाय ती जागा मुळात 'अकेदिया' या ग्रीक शब्दाची. शब्दशः अर्थ 'पर्वा नसणे'. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकेकट्या खोपटात राहून साधना करणारे संन्यासी होते. त्यांच्यातल्या इव्हाग्रियसने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यात हा एक. त्याने केलेलं वर्णन आजही वाचण्यासारखं आहे. भर दुपारी हा सैतान येतो. सूर्य जागचा हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. साधक सारखा खिडकीकडे बघतो. बाहेर येऊन सूर्य किती कलला, जेवणाच्या वेळेला (तिसऱ्या प्रहरी, म्हणजे आपल्या तीनच्या सुमाराला) किती अवकाश आहे ते जोखतो. मग इकडेतिकडे बघतो, कोणी बंधू गप्पा मारायला येतोय का. मग ही जागाच नकोशी होते, घरची आठवण येते, दुसरीकडे कुठे गेलो असतो तर साधना नीट झाली असती असं वाटू लागतं.

यात लोळत पडणं कुठे आहे? हा माणूस उलट अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतोय. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरींनी आठाची सात केली तेव्हा त्यांच्या यादीत 'खिन्नता' होती आणि अकेदिया तिच्यात मुरली होती. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनेही तिला एक प्रकारचं दुःखच म्हटलंय, जे परम चांगलं आहे त्याचाच वीट येणं. पुढे पुढे मठाबाहेरच्या सामान्य माणसाला समजावताना त्याचं 'कामं टाळू नका, प्रार्थनेला वेळेवर या' असं झालं आणि पाप अंथरुणात जाऊन पडलं.

म्हणून 'आळस' चुकीचा नाही, पण अर्धा आहे. दिवसभर धावपळ करणाऱ्यालाही अकेदिया असू शकते.

कैरीचंपन्हं :
वसईकर, तुमचं ते खोपट, खिडकी, 'किती वाजले' वाचताना मराठी शब्द डोळ्यांसमोर नाचत होता. कंटाळा!

'आज स्वयंपाकाचा कंटाळा आलाय' असं म्हणणारी बाई आळशी नसते. रिकामीही नसते, तिच्यासमोर कणीक मळायची पडलेली असते. तिला ते काम नको झालेलं असतं. इंग्रजीत याला धड 'बोअर' म्हणता येत नाही, धड 'लेझी'ही नाही.

आणि आपल्या क्रियापदांकडे बघा. आळस 'येतो', आळस 'करतो' आणि आळस 'देतो'. 'मला आळस आला' म्हणताना तो झोपेसारखा, शिंकेसारखा बाहेरून येतो, त्यात माझा काय दोष? 'मी आळस केला' म्हटलं की कबुली. आळस देणे तर निव्वळ अंग ताणणं, मांजर दिवसातून दहादा देतं. कंटाळ्याला मात्र 'येतो' आणि 'करतो' असली तरी 'कंटाळा करू नकोस' हे आई जितक्या मायेने म्हणते तितक्या मायेने 'आळस करू नकोस' म्हणत नाही.

पाप ठरायला 'करणे' लागतं. येणारी गोष्ट पाप कशी?

वसईकर :
@कैरीचंपन्हं, सुरेख! इव्हाग्रियसचं नेमकं तेच म्हणणं आहे. विचार येतो ते आपल्या हातात नाही, तो मुक्काम ठोकतो की नाही हे आपल्या हातात आहे. म्हणून त्याने त्यांना 'पापं' न म्हणता 'विचार' म्हटलं.

अनुस्वार :
कंटाळ्याला माझं +१. शास्त्रोक्त शब्द हवा असेल तर आपल्याकडे एक तयार आहे, पण तो सात वर्षांच्या मुलाला देऊ नका. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३०) साधनेतले नऊ अंतराय दिलेत. त्यात 'आलस्य' आहेच, पण त्याच्या आधी वेगळं 'स्त्यान'ही आहे. व्यासभाष्य फरक सांगतं. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. आलस्य म्हणजे शरीर आणि चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्तीच न होणं. अकेदिया या दोघांच्या सीमेवर कुठेतरी बसते. बौद्धांच्या पाच नीवरणांत (ध्यानातल्या अडथळ्यांत) 'थीन-मिद्ध' अशी जोडी येते, त्यातलं पाली 'थीन' म्हणजे हेच स्त्यान. गंमत अशी की इंग्रजीत या थीनाचं भाषांतर सर्रास 'स्लॉथ' केलं जातं.

आणखी एक. सात पापं आणि आपले षड्रिपू शेजारी ठेवून बघा. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच सरळ जुळतात. आपल्याकडे उरतो मोह. त्यांच्याकडे उरतात खादाडपणा आणि आळस. भर्तृहरी आळसाला शरीरात बसलेला 'महान रिपू' म्हणतो खरा, पण सहा जणांच्या अधिकृत यादीत त्याला जागा नाही. गीतेने त्याची सोय तमोगुणात लावली (१४.८ मध्ये प्रमाद, आलस्य, निद्रा). म्हणजे आपल्याकडे आळस हा शत्रू कमी आणि प्रकृती जास्त. मराठी वाचकाला 'आळस हे महापाप' हे थोडं अति वाटतं त्याचं कारण हे असावं.

मेळघाटी :
तुम्ही सगळे ब्राझील आणि इजिप्तमध्ये फिरताय, स्लॉथ आपल्या विदर्भात आहे.

आपलं अस्वल. त्याचं इंग्रजी नाव 'स्लॉथ बेअर'. एखाद्या वार्तापत्रात 'आळशी अस्वल' असं भाषांतर दिसलं की डोकं फिरतं. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेल्या माणसाला विचारा अस्वल किती आळशी असतं ते. बेसावध गाठ पडली तर ते पळायला वेळ देत नाही, थेट तोंडावर येतं. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास शेतात जाणारी माणसं बोलत, खाकरत जातात ती उगीच नाही.

मग हे नाव आलं कसं? जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये आपल्या अस्वलाची नोंद केली. लांब बाकदार नखं आणि वरच्या जबड्यातले मधले दोन दात गायब, हे बघून त्याला वाटलं हा स्लॉथचाच भाऊबंद. नाव दिलं 'ब्रॅडिपस उर्सिनस', म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ! लवकरच चूक लक्षात आली, शास्त्रीय नाव बदललं, पण इंग्रजी नाव उलटं होऊन 'स्लॉथसारखं अस्वल' असं चिकटून राहिलं. ते दात नसण्याचं कारण वेगळंच आहे. वारूळ उकरायचं, नाकपुड्या मिटून घ्यायच्या, ओठांची नळी करायची आणि त्या फटीतून वाळवी सूं सूं करत ओढून घ्यायची. जंगलात तो आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो.

पूर्वी दरवेशी गावात घेऊन यायचे तेही हेच अस्वल. त्याला कधी कुणी आळशी म्हटल्याचं ऐकलं नाही. तेव्हा पानगळताई, पुढच्या पानांत 'स्लॉथ बेअर' आला तर नुसतं 'अस्वल' लिहा, विशेषण लावू नका.

टवाळपंत :
इंग्रजीत अस्वलांच्या कळपालाही 'स्लॉथ' म्हणतात. आता बोला.

जंगलवाट :
प्राणी आळशी आहे का, हे राहिलंच.

बंदिस्त स्लॉथ दिवसाचे सोळाएक तास झोपतात असं पूर्वी मोजलं होतं, तेच सगळीकडे छापलं गेलं. २००८ मध्ये पनामाच्या जंगलात मोकळ्या स्लॉथच्या डोक्याला छोटी यंत्रं लावून मेंदूचे तरंग नोंदवले, तेव्हा झोप भरली जेमतेम साडेनऊ तास. आमच्या कॉलेजातली मुलं रविवारी याहून जास्त झोपतात.

तो हळू आहे कारण त्याचं अन्न तसं आहे. पाला पोटभर खाऊनही त्यातून मिळतं थोडंच, आणि पचायला कित्येक दिवस लागतात. म्हणून शरीराने खर्चच कमी ठेवलाय. स्नायू थोडे, अंगाची ऊब आसपासच्या हवेप्रमाणे वरखाली होणारी. शिवाय त्याचा मोठा शत्रू म्हणजे हार्पी गरुड, तो हालचालीवर नजर ठेवून असतो. केसांत शेवाळ वाढून हिरवट झालेला, इंचाइंचाने सरकणारा जीव पानांत दिसतच नाही. चपळ असता तर कधीच संपला असता. दे रे हरी खाटल्यावरी म्हणणाऱ्यांत त्याला बसवू नका.

मुलांना आवडेल असं एक सांगते. माणसाला, उंदराला आणि जिराफालासुद्धा मानेत सातच मणके असतात. तीनबोटी स्लॉथला आठ-नऊ. त्यामुळे अंग न हलवता मान जवळजवळ मागेपर्यंत फिरते. आणि 'दोनबोटी', 'तीनबोटी' हे पुढच्या पायांवरून, मागे दोघांनाही तीनच. चित्र काढणाऱ्यांना हे आवर्जून सांगा, नेहमी चुकतं.

जुनेकागद :
अवांतर, पण राहवत नाही. 'आळशी'ला आपल्याकडे 'ऐदी' हा फर्मास शब्द आहे. तो आला 'अहदी'वरून. अकबराच्या काळी अहदी म्हणजे कुठल्याही मनसबदाराच्या हाताखाली नसलेले, थेट बादशहाच्या चाकरीतले शिपाई. 'अहद' म्हणजे एक, म्हणून एकटे नेमलेले. मान आणि पगार चांगला, बोलावणं येईल तेव्हाच काम. लोकांनी त्यांना बसलेलंच पाहिलं आणि शब्दाचा अर्थ पालटला. तिकडे आळसाचं नाव प्राण्याला मिळालं, इकडे हुद्द्याचं नाव आळसाला!

पानगळ :
बापरे, केवढं मिळालं. प्राण्याला 'स्लॉथ'च ठेवते, पहिल्या ओळीत 'संथ' घालून. 'संथ स्लॉथ' म्हणताना जीभ आपोआप हळू होते. पापाची कोटी काढून तिथे नावाचीच गोष्ट घालायची, चपळ पेद्रूसकट, असं संपादकांना कळवलंय. कंटाळा मोठ्यांच्या आवृत्तीसाठी राखून ठेवते.

एक शेवटचं. सामान्यरूप कसं करायचं, 'स्लॉथाला' की 'स्लॉथला'? आणि मादी?

अनुस्वार :
'स्लॉथला, स्लॉथचे'. नवी उसनी नामं बहुधा अशीच चालतात, 'ट्रकला' म्हणतो तसं. पुल्लिंगी, अनेकवचनही 'स्लॉथ'च. मादीला 'मादी स्लॉथ'.

टवाळपंत :
'स्लॉथीण' काय वाईट आहे?

गवतीचहा :
'आई' आहे की.