माळ्याला झरोके पाडायचे का? (ग्रुप: निपाणीचं घर)

वैनी: माडीवर झोपवत नाही आता. रात्री नऊला पंखा लावला तरी गरम वाफच अंगावर. कौलं काढून पत्रा घातला तवापासनं हे सुरू हाय. पत्र्याखालच्या माळ्याला झरोके पाडूया का? गवंडी नको म्हणतोय, पावसाचं पाणी येईल म्हणे.

दादा (बेळगाव): कौलांच्या फटीतनं आपसूक हवा खेळत होती. पत्र्यानं ती वाट बुजली. एक एक्झॉस्ट फॅन लावून टाका की!

बापू (उद्यमबाग): फॅन नको. वळचणीला हवा यायला वाट नसली तर फॅन ओढणार कुठनं? माळ्यावर चढायच्या झाकणाच्या फटीतनं खोलीतलीच. एसीची गार हवा बिल भरून पत्र्याबाहेर सोडायची व्हय? वैनी, फॅन लावायचाच झाला तर आधी झाकणाच्या फटीला रबरी पट्टी मारा.

थोरले काका: आमच्या वेळी वळचणीला जाळी आणि आढ्याला फट. बास.

बापू: काका, तेच बरोबर. गरम हवा आढ्यातनं वर जाते, वळचणीतनं नवी येते. एकच भोक पाडून उपयोग नाही. माळा 30 बाय 20 हाय, म्हणजे 600 चौरस फूट. अमेरिकेत 300 चौरस फूट माळ्याला 1 चौरस फूट मोकळी वाट असा एक हिशेब धरतात. त्यानं 2 चौरस फूट मोकळी वाट लागते, निम्मी खाली, निम्मी वर. जाळीची तार जागा खाते, म्हणून जरा मोठंच कापायचं.

दादा: म्हणजे झरोके पाडले की गार?

बापू: तेवढ्यानं नाही रे. तापलेला पत्रा खालच्या प्लायच्या छतावर थेट धग फेकतोय. मधनं वारा गेला तरी ती धग अडत नाही. पत्र्याखाली बोटभर अंतर सोडून फॉइल मारा, चकचकीत बाजू खाली. चकचकीत बाजू प्लायला टेकली तर पैसे वाया. वरनं पांढरा रंग. माझं मत विचाराल तर आधी हे, झरोके मागनं.

अक्का (खानापूर): आमच्याकडं झड लागली की माळ्यातल्या गोधड्यांना बुरशी येते हां. बघून करा.

बापू: खानापूरचा पाऊस निपाणीला कुठं अक्का! तरी पश्चिमेच्या भिंतीला भोक नको, झोड तिकडनंच येते. पत्रा भिंतीबाहेर आलाय, त्याच्या पोटाखाली जाळी लावा. आणि वैनी, एसीचा पाइप माळ्यातनं गेलाय, त्याच्यावरचा फोम फाटलाय. पावसात दमट हवा लागली की पाइपला घाम सुटणार आणि प्लायवर डाग पडणार. तो आधी गुंडाळून घ्या.

दादा: तुमच्या तिकडं कारखान्यांच्या शेडवर वाऱ्यानं गरगर फिरून हवा ओढतंय ते टर्बो बसवलं तर?

बापू: कारखान्याला ठीक. घराला आढ्याच्या फटीवर पत्र्याची टोपी पुरते.

थोरले काका: जाळी बारीक घ्या. वटवाघळं शिरली की माळा गेलाच.

वैनी: पत्रेवाला रविवारी येतोय. फॉइल, पाइप आणि झरोके सगळं एकदमच करून घेते. दादा, तुझ्या वाट्याचे पैसे शनिवारच्या आत टाक.