मिरवणुकीतल्या ढोलाला मार्क कशाला पायजेत?

टोलवाला_जालना
राम राम मंडळी. गणपतीतल्या स्पर्धेवरून आमच्या पथकाच्या ग्रुपवर रात्रभर भांडणं चाललीत म्हणून विषय इथं काढलो. माझं म्हणणं सरळ हाय, मिरवणुकीतल्या ढोलाला मार्क देणं बंद करा. परीक्षक स्टेजवर बसणार, पथकाला दहा मिनिटं, आणि कागदावर रकाने कोणते तर गणवेश, शिस्त, संख्या, ताल, सादरीकरण. मग पोरं सराव कशाचा करायलेत? त्याच दहा मिनिटांचा. स्टेजपुढं ध्वज गरागरा, ढोल डोक्यावर, मनोरे, आणि स्टेज मागं पडलं की निम्म्यांचे ढोल टेम्पोत. पुढं गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन गच्चीवर उभ्या, त्यांच्यापुढं नुसता धडधडाट, कारण त्यांच्या हातात कागद न्हाई. आणि संख्येला मार्क हे कुणाच्या डोक्यातून निघालं? ढोल वाढले की ताशा मागच्या रांगेपर्यंत पोचतच न्हाई, मागचे उशिरा वाजवतात आणि सगळा कालवा होतो.

बँडमास्तर_नांदेड
टोलवाले, संख्येचं पटलं, बाकी न्हाई. शाळेचा बँड चालवतो म्हणून सांगतो. साइड ड्रमचं पान फुटलं म्हणून हेडमास्तरांकडं गेलो तर "पुढच्या वर्षी बघू". तेच "बँड स्पर्धेला न्यायचाय" म्हणलं की अर्जावर सही होते, बासरी येतात, गणवेश शिवून मिळतात. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास दिल्लीत शाळांची राष्ट्रीय बँड स्पर्धा होते, ब्रास आणि पाईप बँड, मुलं-मुली वेगळे. तिथवर आमची शाळा जाईल का तर अवघडच हाय, पण त्या नावावर पोरं सकाळी सहाला ग्राउंडवर येतात. स्पर्धा बंद केली तर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला झेंड्यापुढं वाजवण्यापुरता बँड उरंल, एरवी कपाटात.

आणि ताशा मागं उशिरा पोचतो त्याचं कारण साधं हाय. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. रांग ३४ मीटर लांब असली की मागच्याला ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येणार, फास्ट ठेक्यात तेवढ्यात सगळं फाटतं. म्हणून मागच्यांनी कानावर न्हाई, टोल म्हणजे ठेका धरायची धातूची थाळी वाजवणाऱ्याच्या हातावर नजर ठेवायची. हे आमच्या पोरांना कधी कळलं? परीक्षकानं मागची रांग सुटली म्हणून मार्क कापले तेव्हा!

ताशावाली_लातूर
टोलवाले दादा, राग मानू नका पण तुम्ही म्हणता तसं स्पर्धा नव्हती तेव्हा मुलींच्या हातात काय होतं? झांज, नाहीतर ध्वज. ताशा मागितला की "मनगट दुखंल बाई". आमच्याकडं मुलींच्या पथकाला वेगळं बक्षीस ठेवलं तेव्हा कुठं मंडळवाल्यांना मुली ताशावर पायजे झाल्या. त्यांना आमचं कौतुक नव्हतं, ढाल पायजे होती, ठीक हाय, ताशा तर मिळाला ना.

गुलमंडीकर
सगळं खरं पण परीक्षक कोण असतंय ते बोला की कुणीतरी 😂 नगरसेवकाचा मेहुणा, ज्याला ताशाची तर्री म्हणलं तरी मिसळच आठवते.

मूळचा_परळीकर
मी यूट्यूबवर अमेरिकेतल्या ड्रम कोअरचे, म्हणजे ड्रम आणि पितळी वाद्यं वाजवत मैदानावर चालणाऱ्या पथकांचे, व्हिडिओ लई बघतो. डीसीआय नावाची संस्था हाय, पहिली मोठी स्पर्धा १९७२ ची. १०० पैकी मार्क, त्यातले ४० एकूण परिणामाला, ३० वाजवण्याला, ३० चालण्या-दिसण्याला, पॉइंटच्या पुढं तीन आकडे. २०१४ ला ब्लू डेव्हिल्स या पथकाला ९९.६५० मिळाले. आधी तिथं उलटा हिशोब होता, परीक्षक मैदानात फिरून प्रत्येक चुकीला दशांश मार्क कापायचा. त्यामुळं अवघड काही घेतलं की नुकसान, मग जे चुकणार न्हाई तेच वाजवा. ८० च्या दशकात ते काढलं आणि मार्क कमवायची पद्धत आणली, आणि त्यानंतरचं वादन कुठल्या कुठं गेलं. म्हणजे मार्क असावेत की नसावेत हा वाद नंतर, रकान्यात जे लिहाल तेच पोरं वाजवणार.

टोलवाला_जालना
परळीकर, हे मला पटलं पण तुम्ही माझीच बाजू मांडली राव. त्यांचा खेळ मैदानावर, बघणारा तिकीट काढून एका जागी बसलेला. आमचं चालतं वादन हाय, पुढं गर्दी थांबली की थांबायचं, अरुंद बोळ आला की चार रांगांच्या दोन करायच्या आणि ठेका तुटू द्यायचा न्हाई. खरी कला ती. ती दहा मिनिटांत कोण मोजणार? बँडमास्तर, शाळेच्या बँडाला स्पर्धा असू द्या, मी मिरवणुकीचंच बोलायलो. ताशावाली ताई, तुमचं मात्र मला खोडता येईना.

ताशावाली_लातूर
मग स्टेजच काढा ना दादा. परीक्षक साध्या कपड्यात रस्त्यावर तीन-चार ठिकाणी उभे करा, कुठं ते पथकाला सांगायचंच न्हाई. बोळातलं वादन, शेवटच्या तासातलं वादन, मागची रांग, सगळं त्यात येतंय. गणवेश आणि संख्येचे रकाने खोडून टाका.

बँडमास्तर_नांदेड
हे बेस्ट. फक्त परीक्षक वाजवणारा पायजे, आणि त्याचा कागद मार्कांसकट पथकाला परत द्यायचा, काय चुकलं ते लिहून. नुसता नंबर जाहीर करून उपयोग न्हाई.

गुलमंडीकर
स्टेज काढलं तर अध्यक्ष हार कुठं घालून घेणार? वर्गणी तेच देतात भावा.

टोलवाला_जालना
स्टेज ठेवा त्यांना, माइक बी द्या. फक्त तिथं ढोल वाजवायचा न्हाई, पुढं निघायचं. रविवारी मंडळाची मीटिंग हाय, मांडून बघतो, हाणतील बहुतेक.