ट्रकचं ट्यूनिंग: गाडी समोर उभी करून, की फाइल मागवून?

उरण_सहाचाकी

परवा ट्रकच्या रीमॅपवर, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्यावर, इथे एक लेख आला. त्यात म्हटलं होतं की बाहेरगावाहून तयार सॉफ्टवेअरची फाइल मागवून ईसीएममध्ये (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) चढवणारा मालक स्वतःच्याच इंजिनाचा वैरी असतो, आणि ट्यूनिंग करायचंच तर गाडी ट्यूनरच्या दारात उभी करावी. खाली सगळ्यांनी 'सहमत' लिहिलं. मी दोन दिवस गप्प बसलो. पण मी फाइल मागवलेली आहे, त्याच गाडीवर माझं घर चालतं, आणि मला कुणी न बघता वैरी म्हटलेलं सहन होत नाही.

गाडी २०१८ची, बीएस-४, सहाचाकी. न्हावा-शेवा ते नाशिक. आधी मी कस्टमच, म्हणजे गाडी समोर उभी करून तिच्यापुरतं ट्यूनिंग, करायला निघालो होतो. ठाणे, तुर्भे, पनवेल, सगळीकडे विचारलं. जे डायनो (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) बघितले ते कारचे. एकाने मागचे जोडटायर बघूनच मान हलवली. दुसरा म्हणाला, डायनो नको, लॅपटॉप जोडून रस्त्यावर करू. केलं. उरण रोडला खाली (रिकाम्या) गाडीने दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, झालं. अरे, खाली गाडीत इंजिनाला दम लागतो का कधी? पायाखाली पेडल दाबून, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर वीस मिनिटं कसारा चढते, तेव्हा इंजिनाची परीक्षा होते. त्या दिवसाचं भाडं बुडालं आणि हप्ता काही थांबला नाही.

मग एकाने दुसऱ्या शहरातल्या माणसाचा नंबर दिला. त्याने फाइल पाठवलीच नाही. आधी ईसीएमचा सॉफ्टवेअर नंबर मागितला, मूळ फाइल वाचून मागितली, आणि भरलेल्या गाडीचा घाटातला लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद, मागितला. क्लीनरच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून कसाऱ्यात लॉग घेतला. रात्री त्याचा फोन आला: ईसीएम जेवढा टर्बोचा दाब मागतोय त्यापेक्षा ३०० मिलिबार कमी येतोय, कुठेतरी हवा गळतेय, आधी ती शोधा, तोवर मी फाइल देणार नाही. फिटरने इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज सोडवला. क्लिपच्या खाली बोटभर चीर, कडेने तेलकट काळा थर. वरून काही दिसत नव्हतं. होज बदलला, परत लॉग दिला, मग फाइल आली. ती चढवून पुन्हा घाट, पुन्हा लॉग, आणि त्याने दोनदा सुधारून पाठवली. जिथे दुसरा लागायचा तिथे आता तिसरा चालतो. अ‍ॅव्हरेज ४.४ वरून ४.८ झालं. धूर पहिल्यापेक्षा कमी आहे.

आता सांगा, माझ्या गाडीकडे नीट बघितलं कुणी? दारात उभ्या असलेल्याने की दुसऱ्या शहरातल्याने?

कुर्ल्याचा_फिटर

उरणभाऊ, तो लेख माझा. एक शब्द मागे घेत नाही.

भिवंडीच्या गोडाऊन लाइनचा १७ फुटी टेम्पो माझ्याकडे टोचन होऊन आला. मालकाने व्हॉट्सॲपवर फाइल घेतली होती. एका पोराने पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात वीस मिनिटांत चढवली. महिनाभर ड्रायव्हर खूश, पिकअप काय सुरेख म्हणून. मग घाटाच्या मध्यावर गाडीने पांढरा धूर सोडला आणि ब्रीदरमधून ऑइल फेकलं. हेड काढलं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा खड्डा. वितळलेलं ॲल्युमिनियम कडेला थिजलेलं, थेंबासारखं. बाकीचे पिस्टन साधे काळे. इंजेक्टर बेंचवर लावले तर तिसरा गळत होता.

मूळ सेटिंगवर तो इंजेक्टर अजून काही महिने रडतखडत चालला असता. वरून जादा डिझेल दिलं आणि एका चढणीत खेळ संपला. त्या फाइलला काय माहीत की तिसरा गळतोय? माझ्या हाताला माहीत असतं. गाडी स्टार्ट केली की कानाला कळतं, रिटर्नचा पाइप (इंजेक्टरमधून जादा डिझेल परत नेणारा) काढला की डोळ्याला दिसतं. १९ दिवस गाडी उभी, बिल दोन लाखांच्या वर. मालक माझ्या स्टुलावर बसून रडला. ते बघून मी लेख लिहिला. ही गोष्ट मला कुणी शिकवायची नाही, मी ती इंजिन उघडून बघितली आहे.

उरण_सहाचाकी

फिटरकाका, इंजेक्टर गळत होता हे तुम्हीच लिहिलंत. मग इंजिन मारलं कुणी? स्कॅनर लावला असता तर आयडलला सिलिंडरवार करेक्शनचे आकडे (ईसीएम कुठल्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त करतोय ते) दिसले असते आणि तिसऱ्याचा आकडा बाकीच्यांपासून वेगळा पडला असता. माझ्या माणसाने ते आकडे मागितले होते. तुमच्या गोष्टीतला माणूस फाइल विकणारा होता. त्याला ट्यूनर म्हणू नका.

बेलापूर_लॅपटॉप

अकरा वर्षं हे काम करतोय. दोघांनाही आवडणार नाही ते सांगतो.

मुंबई-नवी मुंबईत 'कस्टम' म्हणून पाटी लावलेल्यांपैकी कितीतरी जणांकडे स्लेव्ह टूल असतं. म्हणजे तो तुमची फाइल वाचतो, पण त्याला ती उघडता येत नाही. ती जाते मास्टर टूल असलेल्या माणसाकडे. तो बदल करतो, परत पाठवतो, आणि हा तुमच्यासमोर चढवतो. तुम्ही चहा पीत बसलेले असता आणि समजता की आपली गाडी समोर ट्यून झाली. ती मागवलेलीच फाइल असते, फक्त मधला माणूस पैसे घेतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: मॅप तू स्वतः उघडतोस का? उघडत असशील तर माझ्या गाडीचा स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेल किती द्यायचं ती मर्यादा) दाखव. जो दाखवू शकत नाही तो पोस्टमन आहे.

खरं कस्टम काय असतं तेही सांगतो. एक्झॉस्टमध्ये तापमानाचा सेन्सर बसवायचा, भरलेली गाडी न्यायची, डिझेल थोडं वाढवायचं, तापमान बघायचं, हवा पुरत नसेल तर डिझेल मागे घ्यायचं. टॉर्क किती वाढवायचा हे नुसत्या इंजिनावर ठरत नाही, क्लच आणि गिअरबॉक्सवरही ठरतं. हे दूर बसून सगळं होत नाही. लॉगमध्ये क्लच घसरल्याचा वास येत नाही.

फाइल चढवताना बॅटरीचं व्होल्टेज पडलं तर ईसीएम जागच्या जागी बंद पडू शकतो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या पोराकडे चार्जर होता का, फिटरकाका?

घोडबंदर_रोजचा

हे सगळं ठीक. पण माझ्या बीएस-६ ला ट्यूनिंगपेक्षा यूरियाचा, म्हणजे धुरातला विषारी वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रावणाचा, त्रास आहे. सेन्सर गेला की चेक लाइट, मग ताकद कमी, गाडी रांगते. रात्री दोनला गायमुखला भरलेली गाडी घेऊन मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. सेन्सरची किंमत ऐकून पोटात गोळा येतो. मला एकाने मागवलेल्या फाइलमध्येच यूरिया बंद करून दिला. वर ८०ची स्पीड लिमिटही काढली. कस्टमवाले हे करायला घाबरतात. म्हणून माझं मत फाइलला.

हिशेबवाली_कळंबोली

घोडबंदरदादा, कस्टमवाले घाबरत नाहीत, त्यांना कायदा माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत मनमानी बदल करायला त्यात बंदी आहे. आणि ८०ची लिमिट काढलेल्या गाडीने उद्या एक्सप्रेसवेवर कुणाला उडवलं, तर विमा कंपनीसमोर तुम्ही काय सांगणार?

मी आमच्या चार गाड्यांचा हिशेब बघते. आमचं घर स्टील मार्केटपासून दहा मिनिटांवर. माझे सासरे याच धंद्यात म्हातारे झाले, आता रात्री उशी उभी करून बसून झोपतात. खिडकीची जाळी मी दर रविवारी पुसते. कपडा काळा होतो, आणि ती काजळी धुळीसारखी झटकली जात नाही, बोटाला चिकटते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, गाडीची किंमत लाखांनी वाढली, ती आपण हप्त्यातून भरतोय. आणि ज्याच्यासाठी भरली तेच यंत्र फाइलने बंद करायचं?

घोडबंदर_रोजचा

वहिनी, मला शिकवू नका. कळंबोलीची हवा माझ्या एका गाडीने खराब झाली का? केमिकलच्या कंपन्यांना विचारा, बांधकामाच्या धुळीला विचारा. गरीब गाडीवाला दिसला की सगळे त्याच्यावर. माझ्या दोन पोरांच्या फीचे पैसे त्या सेन्सरमध्ये गेलेत. तुमच्या चार गाड्या आहेत, माझी एक आहे.

हिशेबवाली_कळंबोली

एक असताना सुरुवात आम्हीही केली. सेन्सर आमचेही गेले, दोन. कारण शोधलं तेव्हा कळलं की ड्रायव्हर हायवेवर सुटा 'यूरिया' भरत होता. टाकीत जायला हवं ते ३२.५ टक्के यूरियाचं द्रावण, शुद्ध पाण्यातलं. कॅनमध्ये निघालं खताचं. खताच्या यूरियाला २०१५ पासून कडुनिंबाचा लेप असतो. तो पाण्यात ढवळून टाकीत ओतला तर नोझल आणि कॅटॅलिस्ट चोंदणारच. मी कॅनच्या तळाशी बोट घातलं तर हिरवट चिकट गाळ हाताला आला. तेव्हापासून सीलबंद बादली गाडीतच ठेवतो, पावती घेतल्याशिवाय पैसे देत नाही. त्यानंतर सेन्सर गेलेला नाही. तुम्ही कुठला भरत होता ते आधी सांगा.

घोडबंदर_रोजचा

सुटाच. स्वस्त पडतो म्हणून. पण सगळा दोष त्याचाच आहे असं मी मानत नाही.

बेलापूर_लॅपटॉप

मानू नका. पण टाकी काढून धुवून घ्या. आणि यूरिया बंद करणाऱ्याने मूळ फाइल जपून ठेवली आहे का विचारा. बहुतेकांकडे नसते. मग परत फिरायचा रस्ता बंद, आणि कंपनीच्या सर्व्हिसला गाडी गेली की ते अपडेट मारतात, तुमचं सगळं पुसलं जातं आणि वॉरंटीचं विचारायला नको. यूरिया बंद करून मागणारे माझ्याकडे रोज येतात. मी करत नाही. त्यातले अर्धे शेजारच्या गाळ्यात जातात आणि मला त्याचा राग येतो, हेही खरं.

वाशी_मार्केट_३०वर्षं

सगळे लॅपटॉप लावताय, ड्रायव्हरकडे कुणी बघितलं का? आमच्या टाटाच्या गाडीला लाइट-मीडियम-हेवी असं तीन मोडचं बटण आहे. ड्रायव्हर खाली गाडीसुद्धा हेवीवर पळवायचा, आरपीएम कायम हिरव्या पट्ट्याच्या बाहेर. त्याच्या शेजारी आठवडाभर स्वतः बसलो. डिझेल वाचलं ते फाइलने नाही. आणि २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सल लोड वाढवून दिला, तरी मालक त्याच्यावर दोन टन चढवतो आणि मग म्हणतो गाडीत दम नाही.

उरण_सहाचाकी

काका, ओव्हरलोड मी करत नाही. हिरव्या पट्ट्याचं मान्य.

धागा भलतीकडे गेला पण वहिनींचं वाचून बरं वाटलं. माझ्या गाडीला यूरिया नाही, तरी फाइल मागवताना मी एवढंच लिहून दिलं होतं की धूर वाढला तर पैसे परत. तो म्हणाला, धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, ते मी विकत नाही.

आता बेलापूरभाऊ, क्लचचं तुमचं बरोबर आहे. फाइलनंतर सात महिन्यांत क्लच प्लेट गेली. आधी हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर फिटरकाकांनी तेवढंच धरलं असतं. प्लेट जुनी होती, पण टॉर्क वाढवण्याआधी ती बघायला हवी होती, आणि दूर बसलेल्याने ती विचारली नाही. समोरच्याने कदाचित विचारली असती.

कुर्ल्याचा_फिटर

कदाचित नाही. विचारलीच असती.

बाकी तुमच्या होजचं वाचलं. लॉगवरून होज पकडणारा माणूस असेल तर तो कामाचा आहे, एवढं म्हणतो. तसा दहात एक असतो. उरलेल्या नऊ जणांच्या गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून मला तेच दिसतात हेही खरं असेल. पण ज्या मालकाला लॉग म्हणजे काय ते माहीत नाही त्याला 'मागव फाइल' असं सांगू नका. तुमच्यासारखा रात्री लॅपटॉप घेऊन घाट चढणारा मालक मी दुसरा बघितला नाही.

आणि एक. तुमच्या त्या माणसाने करेक्शनचे आकडे बघितले, पण ते आयडलचे. गरम इंजिनावर रिटर्न मोजले का कुणी?

उरण_सहाचाकी

नाही.

कुर्ल्याचा_फिटर

मग रविवारी सकाळी सहाला पडघ्याला थांबा. भरलेलीच आणा. घाट चढून वर इगतपुरीला इंजिन गरम असतानाच रिटर्नचे पाइप काढू. सहा बाटल्या आणि स्कॅनर मी घेऊन येतो. पैसे नकोत. बेलापूरवाल्यालाही यायचं असेल तर येऊ दे, तापमानाचा सेन्सर घेऊन.

बेलापूर_लॅपटॉप

येतो. सेन्सरला एक्झॉस्टमध्ये भोक पाडावं लागेल, उरणभाऊंची हरकत नसेल तर शनिवारी संध्याकाळी गाडी माझ्याकडे लावा.

उरण_सहाचाकी

शनिवारी चारला खाली करून येतो. रविवारचा लोड नाशिकचाच आहे.