पी५३ जनुके चालू करते, मग सायक्लिन बी१ का घटते?

प्रश्न (पुसटपट्टी):
एच१२९९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये पी५३ हे अर्बुदरोधक प्रथिन मुळातच नसते. त्यांत आम्ही डॉक्सिसायक्लिन दिल्यावरच चालू होणारे पी५३चे जनुक बसवले आहे. औषध दिल्यानंतर २४ तासांनी केलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनांचे प्रमाण पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) पी२१ आणि एमडीएम२ या पी५३मुळे वाढणाऱ्या प्रथिनांच्या आधी जेमतेम दिसणाऱ्या पट्ट्या ठळक झाल्या, आणि ते अपेक्षितच होते. मात्र पेशीविभाजनाला लागणाऱ्या सायक्लिन बी१ या प्रथिनाची पट्टी जवळजवळ नाहीशी झाली. अ‍ॅक्टिन हे तुलनेसाठीचे प्रथिन दोन्ही नमुन्यांत सारखे असल्यामुळे नमुना कमी भरला गेला असेही म्हणता येत नाही. पी५३ डीएनएला चिकटून जनुके चालू करते असे आपण शिकतो. मग ते काही जनुके थेट बंदही करते का?

उत्तर १ (पेशीचक्र):
एकेकाळी तसे मानले जात असे, परंतु आता पेशीचक्राच्या बहुतेक जनुकांबाबत ही घट अप्रत्यक्ष समजली जाते. पी५३ पी२१चे जनुक चालू करते. पी२१ सायक्लिनवर चालणाऱ्या सीडीके या किनेजांना (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना) अडवते. त्यामुळे पी१३० या प्रथिनावर फॉस्फेट चढत नाही आणि ते ई२एफ४ व इतर साथीदारांसह ‘ड्रीम’ नावाचे संकुल बांधून सायक्लिन बी१सारख्या जनुकांच्या प्रवर्तकांवर (जनुक चालू-बंद होते त्या डीएनएच्या भागांवर) ठाण मांडते. म्हणजे पी५३ येथेही चालूच करते, बंद करण्याचे काम पुढच्या टप्प्यावर दुसरेच कोणी करते. पडताळायचे असल्यास एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचे प्रथिन बनू न देणारे छोटे आरएनए) वापरून पी२१ कमी करा आणि मग पी५३ चालू करा. सायक्लिन बी१ टिकले, तर वाट पी२१मधूनच जाते.

उत्तर २ (मोजूनमापून):
वरील स्पष्टीकरण मला मान्य आहे, पण या ब्लॉटवरून ते सिद्ध होत नाही. सायक्लिन बी१ हे पेशीचक्राच्या एस (डीएनएची प्रत बनण्याच्या) आणि जी२ (विभाजनापूर्वीच्या) अवस्थांत साठते आणि पेशीविभाजनाच्या अखेरीस एपीसी संकुलामार्फत नष्ट केले जाते. त्यामुळे पी५३ने पेशींना त्याआधीच्या जी१ अवस्थेत थोपवले, तर जनुकाला कोणी हात लावला नसला तरी २४ तासांनी ही पट्टी फिकट दिसेलच. आधी फ्लो सायटोमेट्रीने (एकेका पेशीतील डीएनए मोजून) पेशी कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहा, आणि ३, ६, १२ व २४ तासांचे नमुने घेऊन प्रथिनासोबत एमआरएनएही (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनते) मोजा. पी२१ आधी वाढून सायक्लिन बी१चा एमआरएनए नंतर उतरला, तर त्या क्रमाला अर्थ आहे. २४ तासांचा एकटा नमुना कारण आणि परिणाम यांत फरक करू शकत नाही.

दुसरी गोष्ट नियंत्रणाची. डॉक्सिसायक्लिन स्वतःच मायटोकॉन्ड्रियातील प्रथिननिर्मितीला अडथळा आणते, म्हणून रिकामे वाहक (पी५३चे जनुक न बसवलेला तोच डीएनए) असलेल्या पेशींनाही तेच औषध द्यायला हवे. शिवाय डीएनएला नीट न चिकटणारे आर१७५एच हे उत्परिवर्तित पी५३ सोबत ठेवल्यास परिणाम जनुके चालू करण्याच्या क्षमतेमुळे आहे की केवळ जास्तीच्या प्रथिनामुळे, हे कळेल.

उत्तर ३ (रायबोसोमवाला):
एमआरएनए तसाच राहून प्रथिन मात्र घटलेले दिसले, तर गोंधळून जाऊ नका. पी५३ सेस्ट्रिन १ आणि २ यांची जनुके चालू करते, ती प्रथिने एएमपीके या किनेजमार्फत एमटॉरसी१ला (प्रथिननिर्मितीला चालना देणाऱ्या संकुलाला) लगाम घालतात, आणि मग ४ई-बीपी१वरील फॉस्फेट उतरून ते प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या ईआयएफ४ईला धरून ठेवते. त्यामुळे तयार एमआरएनएवरून प्रथिन बनण्याचा वेग मंदावतो. मिर-३४ए या सूक्ष्म आरएनएचे जनुकही पी५३च चालू करते, आणि तो सीडीके४ व बीसीएल२ यांसारख्या प्रथिनांचे प्रमाण खाली आणतो. त्याच ब्लॉटवर ४ई-बीपी१ची फॉस्फेटयुक्त आणि एकूण अशी दोन्ही रूपे पाहता येतील.

प्रश्नकर्ता (पुसटपट्टी):
रिकाम्या वाहकाच्या पेशींना आम्ही औषध दिलेलेच नव्हते, ही चूक मान्य. आता चारही वेळांचे नमुने नव्याने घेतो. पी२१चा प्रयोग त्यानंतर.